फट बुजवणारे मामा

...आणि वर मलाच विचारतात, "साहेब, काम कसं झालंय?" काम? तुम्हाला सांगतो, त्या क्षणी कठड्यावरून उडी मारावीशी वाटली! अहो, चार वर्षं डोकं फोडून मी त्या पुलाचा आराखडा काढलेला. जमीन हादरली तर खालचे खांब हादरतील, पण वरचा रस्ता आपला रबराच्या जाडजूड गाद्यांवर डुलेल आणि पुन्हा जागेवर येईल. आता डुलायला जागा नको? म्हणून दोन्ही टोकांना वीतभर फट ठेवलेली. वरची सरकती पट्टी तेवढी बसायची होती. पूल हलायलाच हवा हो!

आणि मिस्त्रीमामांनी ती फट सिमेंटनं बुजवली!

"साहेब, फट राहून गेली होती. तुमचं नाव खराब नको, म्हणून मीच रविवारी येऊन भरली. घोटूनही घेतली." घोटून! म्हणजे सुट्टी मोडून, प्रेमानं, या माणसानं पूल दोन्हीकडून जखडून टाकला! महिन्याभरात माझी मुलगी शाळेच्या बसनं त्याच पुलावरून जाणार होती!

फोडायला लावली. तर मोठे साहेब, "झालेलं काम फोडताय? लोक काय म्हणतील?" घरी बायको, "अहो, हलणारा पूल बांधलाय, हे बाहेर कुणाला सांगू नका." सासरेबुवा तर भर जेवणात, "जावईबापू, आमच्या वेळचे पूल हलत नसत." नसतच! थेट पडत! पण बोलणार कोण? आठ दिवस छिन्नी-हातोडा चालला, मामा रुसून बसले, पण फट मोकळी केली. पूल हलायलाच हवा!

आणि दोन महिन्यांपूर्वी एका मंगळवारी दुपारी... हादरलं की हो सगळं! माझं ऑफिस पुलाला लागूनच. खिडकीतून बघतो तर शाळेची बस पुलाच्या मधोमध! आणि पूल... डुलला! इकडे गेला, तिकडे गेला, फट मिटली, उघडली, आणि आला की जागेवर! बस सुखरूप उतरली, मुलगी आतून हात हलवतेय, आणि मी अनवाणी रस्त्यात उभा राहून ढसाढसा रडतोय. लपवायचं काय त्यात?

शेजारी मामा येऊन उभे राहिले. बराच वेळ फटीकडे बघत होते. म्हटलं, पटलं! एकाला तरी पटलं! मामांनी हळूच माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"साहेब, भूकंप होऊन गेला ना आता?"

"गेला, मामा."

"मग आता बुजवून टाकू?"

...तेव्हापासून दर रविवारी मी खुर्ची टाकून त्या फटीशी बसतो.