महादेवाच्या आवारातला दुसरा वीर

— नाई नाई, पयले दोर सोडा! साहेब, तुमच्या मानसाले सांगा, हा दगड जीपमंदी नाई चढत. म्युझियमले जुना वीराचा दगड पायजे नं? मंग तो न्या, देवळाच्या भितीले टेकलेला. त्याले नाक नाई, डोळे नाई, अर्धा मातीत गेला — म्हनून नोको? आन् हा साजरा दिसते म्हनून पायजे? दिसनच! काल-परवाचा होय तो.

हसू नोका. आठशे वर्साचा म्हनून कागदावर लिवलंबी — बापा बापा, केवढे शिकलेले तुमी! मी रुखमाबाई, तळ्यात मासोळ्या धरनारी, मले अक्षर येत नाई, पन येवढं समजते का माया नवऱ्याले मरून बाराच वर्स झाले. हो, वारलू त्याचं नाव. तोच हा. सिंदेवाहीच्या बाजारात पाटे-वरवंटे इकनारा पाथरवट होता, त्याच्याकडून घडवला. म्हटलं, जुन्या वीरावानीच कर — वर चंद्र-सूर्य, हातात भाला, समोर वाघ. वाघ कुत्र्यावानी झाला, त्याले मी काय करू? तुमी तर शिकारी कुत्रा लिवून मोकळे! आन् मनगटावरचं ते — कडं म्हनता? घड्याळ होय राजे, चावीचं. लय हौस होती त्याले. बोट फिरवून पाहा, काटे लागतीन.

झालं, काढा आता बोट. वाघाशी कसा भिडला, इचारा नं. भिडला म्हंजे... मोहाफुलं येचाले गेलते दोघं भाऊ. वाघ दिसल्याबरोबर भाऊ लहानू झाडावर चढला. हा पळला — आन् पाय घसरला. भाला कुठचा, हातात टोपली होती. जखमा सगळ्या पाठीवर — मीच धुतल्या, मले मालूम नाई का? गावातले पोट्टे माया पोरीले, रंजीताले चिडवत, तुया बाप पळपुट्या, पळपुट्या. तीन-चार वर्साचं लेकरू, घरी येऊन इचारे, आई, बाबा पळला का वं? काय सांगाचं? मंग उभा केला त्याले इथी. तोंड वाघाकडं करून. तवापासून पोरगी शाळेत जाताना पाया पडून जाते, परीक्षेच्या दिवशी तर दोनदा —

हे काऊन लिवून राह्यले? खोडा. खोडा म्हनते नं! आठशे लिवा, हजार लिवा, तुमाले पायजे ते लिवा, पन पाठीचं नाई.

थांबा... शाळा सुटली वाटते. ते पाहा, तीच येऊन राह्यली. तिच्यासमोर एक शब्द जरी —

जीप काढा, साहेब.