मॉन्टीला हाक

यॉर्कशरच्या माळावर ठिपकेवाल्या कुत्र्यांची घोड्यामागे धावायची परीक्षा होती. चहाच्या रांगेत माझ्यापुढे चिखलाने माखलेली एनिड आणि तिची थोरली बहीण बेरिल उभ्या होत्या. त्यांना हळू बोलता येत नाही, मग मी तरी कान का झाकू?

"पडलीस कुठं?"

"ओढ्यात. घोडी मला टाकून पुढं पळाली."

"आणि मॉन्टी?"

"तो मेला तिच्या मागच्या पायांना चिकटून शेवटपर्यंत धावला. माझ्याकडं वळूनसुद्धा बघितलं नाही!"

"अगं, मग पास की! कुत्र्याचं कामच ते."

"अजून एक राहिलंय. मी हाक मारली की त्यानं यायचं. नाही आला तर नापास."

"मार मग."

"दोनदा मारली. घोडीपासून हलत नाही. आता शेवटची संधी."

"रोज तुझ्याच पलंगावर झोपतो ना गं?"

"माझ्याच उशीवर!"

"मग घोडीला हाक मार, बावळट."

एनिडनं "क्लोव्हर!" अशी हाक दिली. घोडी डुलत आली, आणि तिच्या मागच्या पायांशी मॉन्टी.

रांगेशेजारीच चहा पीत उभ्या असलेल्या परीक्षकानं कप खाली ठेवून वही काढली.

"आला तर खरा," तो म्हणाला.