अवनीची फेडरल नोकरी

...आणि वर म्हणतात काय, तर अभिनंदन! अहो, कसलं अभिनंदन? तुम्हाला सांगतो, ज्या पत्राची सुरुवात अभिनंदनाने होते ना, ते पत्र मी शेवटाकडून वाचायला घेतो. कारण खरं काय ते नेहमी तळाशी, बारीक अक्षरात असतं. बावीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काढली आहेत मी. दुसऱ्याने केलेल्या कामात खोट काढायची आणि त्याचाच पगार घ्यायचा! त्यामुळे अमेरिकेतल्या त्या कॉलेजचं आर्थिक मदतीचं पत्र आलं, आमची अवनी सोफ्यावर उड्या मारायला लागली, आमची ही, मीनल, देवापुढे साखर ठेवायला धावली, आणि मी... मी चष्मा पुसला. म्हटलं, थांबा. कुठेतरी पाणी मुरतंय!

आता तुम्ही विचाराल, सिंगापूरला राहणाऱ्या माणसाच्या मुलीला अमेरिकन सरकारची मदत कशी? सांगतो. सत्त्याण्णव साली मी न्यू जर्सीत प्रोजेक्टवर होतो, तिथे ही जन्मली. तीन वर्षांत आम्ही परत आलो, चार वर्षं पुण्यात, मग इथे तोआ पायोहला भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलो ते आलोच. पण पासपोर्ट तिचा अमेरिकन! मी आणि मीनल भारतीय, मुलगी अमेरिकन, आणि बोलायला लागली की अस्सल सिंगापूरची, वाक्यामागे 'लाह' लावणारी. "पप्पा, कॅन डोन्ट बी सो सस्पिशस ऑर नॉट?" घ्या! आईवडिलांनी कोणत्या भाषेत रागवायचं?

तर ते पत्र. त्यात तीन ओळी. पहिली ओळ, कॉलेजचं स्वतःचं अनुदान. बरं, ठीक. दुसरी ओळ, पर्किन्स लोन. लोन? अभिनंदनाच्या पत्रात कर्ज? म्हणजे सत्काराला बोलवायचं, हार घालायचा आणि हाराचं बिल हातात द्यायचं! आणि तिसरी ओळ... फेडरल वर्क-स्टडी, चोवीसशे डॉलर. खाली सगळ्यांची बेरीज करून ठळक अक्षरात 'तुमची एकूण मदत'.

मी म्हटलं, वर्क-स्टडी? वर्क आहे की स्टडी? आणि काम करून जे मिळतं त्याला आम्ही आजपर्यंत पगार म्हणत आलो, हे मदत कधीपासून म्हणायला लागले? उद्या माझा मॅनेजर म्हणेल, 'शैलेंद्र, तुला दर महिन्याला मी मदत करतो!' आणि त्यात ते 'फेडरल', म्हणजे तिथल्या केंद्र सरकारचं! फेडरल म्हटलं की मला हिंदी पिक्चरातला काळा चष्मा घातलेला माणूसच दिसतो हो. पोरीने एक दिवस दांडी मारली तर काय हेलिकॉप्टर येणार?

फोन केला. केलाच! इथे रात्रीचं जेवण उरकून साडेआठला बसलो, तिथे सकाळचे साडेआठ, कॉलेजचं ऑफिस उघडलं रे उघडलं की पहिला फोन माझा. पलीकडे डोना नावाच्या बाई. आवाज असा गोड, की मला आणखीच संशय.

"हाय शैलॅन्ड्रा! हाऊ कॅन आय हेल्प यू टुडे?"

म्हटलं, बाई, यात गोम काय आहे ते सांगा. व्हॉट इज द कॅच?

"ओह, देअर इज नो कॅच, सर!"

आता मला सांगा, जिच्याकडे गोम असेल तीसुद्धा हेच म्हणेल ना? त्या बाई शांतपणे सांगत होत्या, की हे पैसे फीमधून वजा होत नाहीत, मुलीने कॅम्पसवर काम शोधायचं, आठवड्याला आठदहा तास, आणि पगार थेट तिच्या हातात. मी म्हटलं, म्हणजे आत्ता फी भरताना त्या चोवीसशेचा उपयोग शून्य? "करेक्ट, सर." आणि काम मिळालंच नाही तर? "देन शी वोन्ट अर्न इट, सर." आणि तरी बेरजेत धरलेत? बाई क्षणभर थांबल्या. तुम्हाला सांगतो, त्या एका क्षणात माझी बावीस वर्षं सार्थकी लागली! बग सापडला! मी फोन ठेवला आणि मीनलला म्हटलं, बघ, म्हटलं नव्हतं, पाणी मुरतंय?

मीनल म्हणाली, "अहो, बाईंनी सगळं खरं सांगितलं की. मुरलं कुठे?"

तेच तर! इतकं खरं कोण सांगतं?

आता पुढचं सांगताना मला जरा... म्हणजे हसू नका. त्या कॉलेजच्या वेबसाइटवर प्रत्येक ओळीपुढे दोन बटणं. घ्या किंवा नाकारा. अॅक्सेप्ट, डिक्लाइन. पासवर्ड माझ्याकडे होता, फॉर्म मीच भरले होते ना. अनुदान घेतलं. कर्ज नको, हे आमचं तिघांचं ठरलेलं होतं, नाकारलं. आणि तिसऱ्या ओळीवर माझं बोट थांबलं. डोळ्यांसमोर आलं, आमची अवनी, कॉलेजच्या खानावळीत, कोपरापर्यंत रबरी हातमोजे, समोर तीनशे ताटं. आणि पुण्याहून माझी मोठी बहीण विचारतेय, "काय रे, एकुलती एक पोर, तिला भांडी घासायला पाठवलंस होय?" संशय होताच. पण खरं सांगू? संशयाच्या पाठीमागे ही ताटं होती.

दाबलं बटण. डिक्लाइन. कुणाला न सांगता.

दोन आठवडे गेले. एका रविवारी सकाळी पोहे खाताना अवनीने लॅपटॉप उघडला. मग मान वर केली आणि म्हणाली... नीट ऐका हं... म्हणाली, "बाबा, तुम्ही माझं काम मला न विचारता परस्पर नाकारलंत?"

तुम्हाला सांगतो, माझ्या हातातला चमचा थांबला. कारण 'पप्पा' नाही, 'लाह' नाही, काही नाही. शुद्ध मराठी! 'परस्पर' हा शब्द या मुलीला येतो, हेच मला माहीत नव्हतं!

मी म्हटलं, अगं, तुझ्या भल्यासाठी. तिथे भांडी घासायला...

"घासली असती. डिसेंबरमध्ये आमची परीक्षा संपली तेव्हा माझ्या वर्गातल्या सगळ्या मुली कामाला लागल्या. कुणी पुस्तकांच्या दुकानात, कुणी बबल टीच्या. मी सहा ठिकाणी विचारलं. सगळ्यांनी माझा इथे राहण्याचा पास बघितला. डिपेंडंट, म्हणजे वडिलांच्या नोकरीवर राहणारी. दोन महिन्यांसाठी परवानगीचा कागद कोण करत बसणार, म्हणाले. त्या पगार घेऊन सिनेमाला जायच्या आणि माझं तिकीट त्या काढायच्या, बाबा. प्रत्येक वेळी."

हे मला ठाऊकच नव्हतं. सहा ठिकाणी? कधी गेली? मी आपला पाया लेबारच्या ऑफिसात लोकांच्या चुका शोधत बसलेलो.

मी मदतीच्या आशेने मीनलकडे बघितलं. चूक केली. मीनल इथे आली तेव्हा पुण्यातली शाळेतली नोकरी सोडून आली होती. तिच्या पासवरही तोच शब्द. ती उठली, पोह्यांची कढई आत नेऊन ठेवली, आणि आतूनच म्हणाली, "एका घरात दोन डिपेंडंट पुरे झाल्या की. एकीला तरी सुटू दे."

बस्स!

मी चपला घातल्या आणि खाली हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाण्याच्या स्टॉलांच्या बाजारात, गेलो. तिथे रविवारी धम्मानंद भेटतो. शेजारच्या ब्लॉकमध्ये राहतो, नागपूरचा, इथे विद्यापीठात संशोधक. पीएचडी अमेरिकेत केलेली, तिथल्या ग्रंथालयात तीन वर्षं पुस्तकं लावलेली. कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, कप पुढे सरकवून मी सगळं सांगितलं. म्हटलं, एवढं काय, आता परत अॅक्सेप्ट दाबतो.

धम्मानंद हसला नाही. म्हणाला, "शैलेंद्र, तो चिकन राइसचा स्टॉल दिसतो का? त्याच्याकडे रोजच्या कोंबड्या ठरलेल्या. संपल्या की पाटी लावतो, सोल्ड आऊट. मग तू कितीही भुकेला अस. या मदतीचं तसंच आहे. सरकार प्रत्येक कॉलेजला वर्षाची ठरावीक रक्कम देतं, कॉलेज ती गरजेप्रमाणे वाटतं. तू तुझी प्लेट परत केलीस. मागे रांग होती."

म्हटलं, म्हणजे ती प्लेट...

"कुणीतरी खाल्ली."

मी म्हटलं, आणि ही रांग मला कुणी सांगितली का? का लपवली? पाणी मुरतंय ते इथे!

"पत्रात दुसऱ्याच पानावर असतं," धम्मानंद म्हणाला. "तू शेवटाकडून वाचायला घेतलंस. मधेच थांबला असशील."

आता काय सांगू तुम्हाला! ऑफिसातल्या पोरांना मी इतकी वर्षं बजावत आलो, की सगळी कागदपत्रं वाचल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही!

सोमवारी पुन्हा फोन. पुन्हा डोना. "हाय शैलॅन्ड्रा!" नुसत्या नंबरवरून ओळखलं हो बाईंनी! मी म्हटलं, मॅडम, चूक माझी आहे. मुलीने नाही नाकारलं, मी नाकारलं. धिस बग इज माइन. आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य बोललो मी.

"ओह, हॅपन्स एव्हरी इयर, सर."

दर वर्षी! ऐकलंत? म्हणजे जगभर माझ्यासारखे बाप पसरलेत, आणि मला वाटत होतं मी एकटाच हुशार!

पण पैसे गेलेच होते. डोना म्हणाल्या, वेटिंग लिस्टवर नाव घालते, पण अर्ज मुलीनेच करायचा. "शी नीड्स टू राइट टू मी हरसेल्फ." हरसेल्फवर असा काही जोर दिला, की मी खुर्चीत सावरून बसलो. अवनीने तो ईमेल लिहिला. मी म्हटलं, दाखव, मी एकदा तपासतो. तिने लॅपटॉप बंद केला. मग पासवर्डही बदलला. बरोबरच आहे हो. टेस्टरनेच सिस्टिम पाडल्यावर त्याला आत कोण घेईल?

एप्रिल गेला, मे, जून, जुलै. काही उत्तर नाही. घरात मुलगी माझ्याशी बोलायची, पण सगळं व्यवस्थित मराठीत. 'हो बाबा.' 'नको बाबा.' 'जेवण झालं बाबा.' एका 'लाह'साठी कान आसुसले माझे! ऑगस्टमध्ये चांगी विमानतळावर सोडायला गेलो. तिथे म्हटलं, अगं, ती नोकरी नाही मिळाली तरी खर्चाचं मी बघतो, काळजी करू नकोस. तर म्हणाली, "तीच तर काळजी आहे, बाबा." आणि आत गेली. मीनल तिकडे हात हलवतेय, आणि मी इकडे छताकडे बघतोय. धूळबिळ नसते हो तिथे. इतकं स्वच्छ एअरपोर्ट, डोळ्यांत काही गेलं म्हणायचीही सोय नाही!

आणि मग सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, मी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, उभा, मागे मीनल, आणि फोन वाजला. "पप्पा! गॉट इट लाह!"

तुम्हाला सांगतो, काय मिळालं हे मला नंतर कळलं. आधी ते 'लाह' ऐकलं आणि आमचं स्टेशन गेलं!

कुणा मुलाने कॉलेज सोडलं होतं, त्याचे पैसे मोकळे झाले, रांगेत हिचा नंबर लागला. मी म्हटलं, काम काय? कॅन्टीन? म्हणाली, नाही, जवळच्या सरकारी शाळेत, पहिली-दुसरीच्या मुलांना वाचायला शिकवायचं. तासाला नऊ डॉलर. मी म्हटलं, एक मिनिट. काम शाळेत, पगार कॉलेज देणार, आणि पैसे सरकारचे? तीन-तीन पार्ट्या? अगं, यात कुठेतरी पाणी...

मागून मीनल म्हणाली, "मुरतंय. तुमच्या डोक्यात."

तेव्हापासून मी तो शब्द काढलेला नाही. घरात तरी.

पण पोर काय रमली हो! दर रविवारी व्हिडिओ कॉलवर त्या शाळेचंच. एक जास्मिन म्हणून सात वर्षांची मुलगी आहे. कठीण शब्द आला की रागावते आणि पुस्तक फटकन मिटते. अवनी म्हणाली, मग मी काहीच बोलत नाही. नुसती बसते. दोन मिनिटांनी तीच उघडते. हे सगळं मीनल मान डोलावत ऐकते, जुन्या मास्तरीणबाई ना! म्हणाली, "हे शिकवून येत नाही." आणि पहिल्या पगारातून काय केलं असेल या मुलीने? इथल्या मैत्रिणींना सिनेमाची तिकिटं पाठवली. ऑनलाइन. पाच तिकिटं. स्वतः बारा तासांच्या अंतरावर बसून!

आणि ऑक्टोबर उजाडला. तर कळलं, तो मदतीचा फॉर्म दर वर्षी भरायचा असतो. दर वर्षी! फॉर्म आता तिच्या हातात, पण बापाचे रकाने बापानेच भरायचे. परवा रविवारी कॉलवर बसलो दोघे. तिसऱ्याच प्रश्नाला माझं डोकं फिरलं. म्हटलं, हे यांना कशाला हवंय? मागच्या वर्षी सांगितलं ना? आणि लॅपटॉप फटकन मिटला. फोन तसाच चालू, शेजारी उभा ठेवलेला. मला वाटलं, आता पोर वाद घालेल, समजावेल.

काही बोललीच नाही. नुसती बसली.

मी पंख्याकडे बघितलं. खिडकीकडे बघितलं. मीनलकडे बघितलं, तर ती लसूण सोलत होती आणि गालात हसत होती. दोन मिनिटं. तुम्हाला सांगतो, दोन मिनिटं किती मोठी असतात! शेवटी... उघडला. काय करता?

"व्हेरी गुड, बाबा," हळू, स्वच्छ, एकेक शब्द सुटा. "आता पुढची ओळ. मोठ्याने."

आणि हा अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, बावीस वर्षांचा अनुभव, बोट ठेवून, एकेक ओळ मोठ्याने वाचत गेला! सगळा फॉर्म. तळाच्या बारीक अक्षरांसकट. कॉल संपला आणि फोनवर काय आलं असेल? एक सोनेरी तारा. जास्मिनला देते तसला.

त्याची मी प्रिंट काढून ठेवलीय. हसताय काय? पुढच्या वर्षी हे लोक तोही मागतील!