पोवळ्याचं वैराग्य

...नाही, तुम्हीच सांगा, यात हसण्यासारखं काय आहे? वैशाखातलं जळगाव, विस्तवावाचून माणसाचं भरीत व्हायची वेळ, आणि घरातला एकुलता एक कूलर कोणासमोर? माझ्यासमोर? नाही. आमच्या सौभाग्यवतींसमोर? मुळीच नाही. दगडासमोर!... पाहा, दगड म्हणालो. म्हणायचं नाही. जावईबापूंची सक्त ताकीद आहे : "नाना, दगड नव्हे, जीव आहे!"

तुम्हाला सांगतो, माझा आक्षेप जिवाला नाही. जन्मभर शाळेत मी भूतदयाच शिकवली. पण दया करायला गाय आहे, कुत्रा आहे, अगदी मुंगी आहे. साखर टाकली की धावत तरी येते! हे पोवळं. अंगठीत बसवतात त्याचं चुलत भावंड म्हणा, पण जिवंत. आमचे जावई धुळ्याला बँकेत. त्यांनी ते मुंबईहून आणून, काचेच्या पेटीत, खाऱ्या पाण्यात, वर दिवा, बाजूला बुडबुडणारा पंप, असं हौसेनं वाढवलेलं. गेल्या उन्हाळ्यात बँकेनं त्यांना प्रशिक्षणाला हैदराबादेस धाडलं, आमची कुंदा सोबत निघाली, आणि पेटी, पाण्याची पिंपं नि बादलीत बसलेलं पोवळं, असं सगळं वऱ्हाड मेटॅडोरमधून आमच्या दारात! आता जावयाला 'नाही' म्हणायची सोय आपल्यात आहे का?

निघताना कुंदा कानाशी लागली, "नाना, ह्यांचा जीव आहे त्याच्यात. त्याला काही झालं, तर 'तुझ्या माहेरी मेलं' हे मला जन्मभर ऐकावं लागेल हो!" झालं! मुलीचा संसार एका दगडाच्या... क्षमा करा. दगड नव्हे, जीव आहे!

दूधवाला लोटन रोज उंबऱ्यातून डोकवायचा. "नाना, हाई काय शे?" म्हटलं, प्रवाळ आहे, सजीव आहे. "दगडले जीव ऱ्हास का, नाना? मंग तो खास काय?" खातो काय म्हणे! काय सांगू त्याला? उजेड खातो?

ऊन चढत गेलं. आणि एके सकाळी पाहतो तो काय, मूळचं जांभळट-हिरवं पोवळं... शुभ्र! शंखासारखं! कुठे डाग म्हणून नाही! सौ.नी हात जोडले. मलाही, खोटं कशाला बोलू, भरून आलं. लोटनला उंबऱ्यात उभं करून मी प्रवचनच दिलं, "बघ, रंग गेला, रंगाबरोबर अहंकार गेला, उरलं ते शुद्ध सत्त्व! दगडाला जे साधलं ते माणसाला—" तर तो मलाच सुधारतो, "दगड नही, नाना, जीव शे!" शेजारच्या झुंबरबाईंनी तर त्याच संध्याकाळी पेटीपुढे उदबत्ती लावली.

आनंदाची वार्ता कळवावी म्हणून मी एसटीडीच्या बूथवर गेलो. "जावईबापू, अभिनंदन! पोवळं शुभ्र झालं!" पलीकडून हळूच विचारणा, "नाना, पाणी हाताला कसं लागतंय?" म्हटलं, उत्तम! आंघोळीला काढावं असं कोमट! "कोमट?..." आणि तो शांत माणूस अक्षरशः ओरडला, "नाना, पांढरं म्हणजे मरायला टेकलं! त्याच्या अंगात शेवाळाचे बारीक जीव राहतात. रंग त्यांचा, अन्नही तेच पुरवतात. उष्म्यानं ते निघून गेले. उपाशी आहे ते, नाना, उपाशी!"

ऐकलंत? मी ज्याला वैराग्य समजून शिष्यांना दाखवत होतो, ती उपासमार होती! वर कुंदाचा रडवा आवाज, "नाना, हे ताटावरून उठले हो..."

मग सूचनांवर सूचना! कूलर पेटीकडे वळवा, दिवा मंद करा, बर्फ पाण्यात टाकू नका, पिशवीत बांधून सोडा, गोडं पाणी मिसळलं तर संपलंच. बर्फवाल्या नासीरकडे गेलो, तर तो म्हणे, "मास्तरसाब, घरात लगीन काढलं काय?" म्हटलं, नाही बाबा, पोवळ्याला उष्मा होतोय. त्यानं माझ्या उघड्या डोक्याकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं, "मास्तरसाब, पहले थोडा तुम रखो सर पे!"

आणि वीज! ती नेमकी भर दुपारी जाते. मग एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला सौ., हातपंख्यांनी समुद्राला वारा घालतोय, आणि त्यात ती विचारते, "अहो, माझ्या बाळंतपणात मला इतका वारा घातला होता का हो?" म्हटलं, हळू बोल. जीव आहे! देवापुढे बसलो तरी मागणं काय? संसाराचा रंग उतरू दे म्हणून जन्मभर विनवणारा मी, 'देवा, रंग येऊ दे' म्हणत होतो!

आला. मृग लागायच्या सुमारास आला रंग. पण कसला? गाळासारखा, मातकट, ओशट तपकिरी! म्हटलं, कुजलं. फोन करायचा धीर होईना. जावई आले ते चपलांसकट पेटीकडे गेले, वाकले, पाहतच राहिले... कुंदानं माझा हात गच्च धरलेला... आणि तो गृहस्थ डोळे पुसत म्हणाला, "नाना, जगलं! पोटातली मंडळी परत आली! आधी असंच मळकट दिसतं, मग मूळचा रंग धरतं." कुंदा रडली, सौ. रडली. मी रडलो नाही. उष्म्यानं डोळे चुरचुरत होते इतकंच.

म्हटलं, ईश्वरकृपा! आता आपली ठेव सुखरूप घेऊन जा. तर जावईबापूंनी वाकून नमस्कार केला, "नाना, आत्ताच सावरलंय, हलवलं तर दगावेल. तुमच्या हाताचा गुण आलाय त्याला. राहू द्या इथंच. आमच्याकडून भेट!"

भेट! आता लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये, हे मी कटाक्षानं पाळतो. धुळ्याला जातो तर तांब्या घरून नेतो. पण लेकीच्या घरचं पाणी सांभाळू नये... सगळ्या पोथ्या चाळल्या हो, असं कुठेही लिहिलेलं नाही!