पडद्यामागची गुंगी

—नाही ताई, पडद्याच्या आत नाही जाता येणार. तुमची आई आहे, मला माहितीय, सकाळी फॉर्मवर सही तुम्हीच केलीत की. बसा इथं बाकावर. तपासणी झाली, घशातून पोटात घातलेली दुर्बीण काढली, सगळं नीट झालंय. बाकीचं डॉक्टर नंतर सांगतील — नंतरच सांगतात, आणि कागदावर लिहून देतात, कारण आत्ता सांगितलेलं आजींच्या डोक्यात राहायचं नाही. डोळे उघडेत, हो, बोलतायत पण — थांबा — झालं हो आजी, पडून राहा! — बघा, ‘झालं का गं सिस्टर’ हे चौथ्यांदा विचारलं त्यांनी. मीही चौथ्यांदा सांगितलं. अजून विचारतील. ते इंजेक्शनच तसलं. माणूस जागा असतो, विचारलं तर उत्तर देतो, आणि घरी गेला की म्हणतो, मला तर काहीच आठवत नाही बुवा.

काय? म्हणून तर जायचंय? जरा हळू बोला, पडदा कापडाचा आहे. वडील खरंच वारले की घर सोडून गेले — हं. मावशी परवा काहीतरी बोलून गेली, आणि तुमच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. म्हणजे आत्ता विचारायचं, त्या बोलून टाकतील, वर विसरूनही जातील, तुम्हाला कळलं हे त्यांना कळणारसुद्धा नाही. बरोबर? तुम्ही काय पहिल्या नाही, ताई. मागं एकजण सासऱ्याला कपाटाची किल्ली विचारायला बसला होता, मी हाकलला. आणि काही विचारायला नको, आपणहून बोलणारेही असतात — एक वकील आले होते, अशिलाची सगळी भानगड माझ्यासमोर ओतली, आणि उठल्यावर मलाच दटावतात, मोबाईल नीट ठेवलात ना माझा? आम्ही हसतो. म्हणजे हसायचो.

सरळ विचारलंत का कधी त्यांना? शुद्धीत? नाही ना. — झालं हो आजी, झालं! — नाही, आत सोडणार नाही. नियम आहे. आणि नियम नसता तरी. का म्हणजे… मी विचारलंय ना. ह्याच खोलीत, त्याच खाटेवर. आमचे हे. चष्म्याच्या दुकानात काचा घासतात, शांत माणूस, लग्नाला सव्वीस वर्षं झाली, आवाज चढवलेला मला आठवत नाही. पोटात जळजळायचं म्हणून मीच घेऊन आले. घरच्या माणसाला आपण टोचायचं नाही असं असतं आमच्यात, पण दुसरी सिस्टर रजेवर होती — रजेवर म्हणजे, मीच तिला म्हटलं होतं जा म्हणून. तर मी टोचलं. तपासणी झाली, इथं आणून झोपवलं, आणि मी विचारलं, तुम्ही माझ्याबरोबर सुखी आहात का हो? का विचारलं कोण जाणे. बायकांना असतं ना, वाटतं, एकदा ऐकावं. मला वाटलं ‘हो’ म्हणतील. ते म्हणाले, ‘नाही गं.’ दूध संपलंय सांगावं तसं. ‘नाही गं. सवय झालीय पण.’ आणि मग लगेच, ‘झाली का तपासणी?’

तासाभराने उठले, विचारतात, काही बडबडलो का मी? मी म्हटलं, छे. घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखा चहा करून माझ्या उशाशी आणून ठेवला. सव्वीस वर्षं ठेवतात. मी तो पीत होते आणि मनात एकच — सवय, सवय, सवय. त्यांच्या डोक्यात काही नाही आणि माझ्या डोक्यात दुसरं काही नाही, असे सहा महिने काढले आम्ही एका घरात.

मग मी त्यांना परत आणलं. रिपोर्ट स्वच्छ होता, काही गरज नव्हती, मी खोटंच सांगितलं की डॉक्टरांना पुन्हा एकदा बघायचंय. डॉक्टरांना म्हटलं, ह्यांना परत त्रास होतोय. गरज नसताना नवऱ्याच्या घशातून नळी घातली मी, ताई. का, तर दुसरं उत्तर मिळेल म्हणून. चेहरा नका असा करू. त्या दिवशीही मीच टोचलं, इथं आणलं, जवळ बसले, आणि मी तोंड उघडायच्या आधीच हे म्हणतात, ‘परत तेच विचारणारेस का?’

हो. असंच. सहा महिने घरात अवाक्षर नाही, आणि औषध गेलं अंगात की आठवलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांना नंतर विचारलं, मैत्रिणीचं आहे म्हणून. म्हणाले, ऐकलंय तसं, क्वचित गुंगीतलं पुन्हा गुंगीतच सापडतं म्हणे, खात्रीने कुणी सांगणार नाही. की ह्यांना पहिल्यापासूनच माहीत होतं? मला नाही माहीत. मी म्हटलं, मग घरी का नाही हो बोललात कधी? तर म्हणाले, ‘घरी कुठं विचारतेस तू?’

— झालं आजी, हो, झालं. सहाव्यांदा.

तेव्हापासून सुई सोडली मी. मागून घेतलं हे काम, पडदा, चादरी, नातेवाईक. आणि झोपेची गोळी घेते, रात्रीची लागली होती, आता दिवसाही अर्धी. कामावर नाही घेत. म्हणजे आज घेतलीय, अर्धीच. त्याने काही बोचत नाही. बोचायला हवं एवढं कळतं, पण बोचत नाही. परवा घरी भानावर आले तर हे समोर खुर्चीवर, डोळे लाल. मी काहीतरी बोलले असणार. काय बोलले, काही आठवत नाही. सकाळी चहा आला, पण उशाशी नाही, टेबलावर होता. मी विचारलं नाही काही.

थांबा. ऐकलंत का? — हो आजी, इथंच आहे बाहेर! — ‘माझी मुलगी जेवली का’ म्हणतायत. हा नवा प्रश्न. नवा प्रश्न आला की समजायचं, उतरलं. हो, मुद्दामच बसवून ठेवलं तुम्हाला, खोटं कशाला बोलू. आता जा आत. पाणी पाजा थोडं, घरी न्या, आणि मग विचारा, तोंडावर. रडतील, चिडतील, सांगणारही नाहीत कदाचित. पण तुम्ही विचारलंत हे त्यांच्या लक्षात राहील.

माझं? माझं काय. उठा ताई, पुढच्या पेशंटची माणसं उभी आहेत, त्यांना बसू द्या.