मागच्या नंबरचा रिपोर्ट

रिपोर्टची वाट बघत शिवणकामवाल्या काकू लॅबच्या बाकावर जीव मुठीत धरून बसल्या होत्या. शेजारच्या तरुणाला त्यांनी ओळखलं. सकाळी रक्त द्यायच्या रांगेत त्याच्या शर्टाची पाठीवर उसवलेली शिवण त्यांनीच त्याला दाखवली होती. आता तो सोबत बसलेल्या बहिणीशी दबक्या आवाजात बोलत होता.

“ताई, आपण लॅबला करून दिलेली वेबसाइट गळकी निघाली. माझ्या रिपोर्टच्या लिंकमधला आकडा सहज एकाने वाढवला, तर दुसऱ्याचाच रिपोर्ट उघडला.”

“लॉगिन ठेवलंय ना आपण?”

“दाराला कुलूप आहे गं. पण आत शिरलं की कुणीही कुणाचंही कपाट उघडावं.”

“मग प्रत्येक कपाटापाशी तपासणी घाल. मागणाऱ्याचाच रिपोर्ट असेल तर द्यायचा, नाहीतर नाही.”

“लिंकमधले आकडे वेडेवाकडे करू? म्हणजे कुणाला अंदाज येणार नाही.”

“कर, पण ती नुसती झाकपाक. तपासणी आधी. आणि तोवर साइट बंद ठेव.”

“केली केव्हाच.”

“लॅबवाल्यांना मी सांगते. लपवायचं काही नाही. मग तुझं तोंड का उतरलंय?”

“तो रिपोर्ट... बंद करायच्या आत नजर पडली. चांगला नाहीये, ताई.”

“अरे देवा! कुणाचा?”

“नाव नाही बघितलं. पण आकडे रांगेप्रमाणेच पडतात. म्हणजे माझ्या मागे जे कोणी...”

त्याने हळूच मान वळवली.

“मीच होते, बाळा,” काकू म्हणाल्या. “सांग आता.”