पातळ तळाचे बूट

(जालना एमआयडीसीच्या मागचं मोकळं मैदान. मार्चमधली सकाळ, सहा वाजत आलेले. अप्पाराव, त्यांची बायको बेबीनंदा आणि मुलगी साक्षी.)

साक्षी: पप्पा, उड्या मारू नका. अजून अंगसुद्धा गरम झालं नाही तुमचं.

अप्पाराव: मी कुठं उड्या मारून राह्यलो? पायच ठरत न्हाईत जमिनीवर! कव्हा पळतो असं झालंय.

बेबीनंदा: पहाटं चारला उठून आंघोळ, साडेचारला इस्त्रीचा शर्ट. मी म्हणलं, भीमजयंती आजच हाय का काय.

अप्पाराव: आजच धर! आठ वाजता जयंती मंडळाच्या सूरजला फोन करायचा, हो का न्हाई ते बराबर सांगायचं. यादी आज पक्की करून राह्यले पोरं. आठाच्या पुढं माझी जागा दुसऱ्याला.

बेबीनंदा: तो सूरज बी शहाणाच म्हणायचा. ज्या माणसाचं टाचेचं हाड वाढलेलं, त्यालाच म्हणतो, काका, फाट्यापासून विहारापर्यंत भीमज्योत तुम्हीच आणा.

अप्पाराव: काहून म्हणणार न्हाई? केदारखेड्यात ज्योत आणायची सुरू कोणी केली? हे पंचविसावं वर्ष हाय. जालन्यातून पोरं पाळीपाळीनं पळतात, पण शेवटचा किलोमीटर माझा. माझाच होता का न्हाई?

बेबीनंदा: होता. आता आठ वर्षं झाले, मोटरसायकलवर ज्योतीच्या तेलाचा डबा घेऊन मागून जाता.

अप्पाराव: तेच म्हणतो ना मी! डब्यावर माझं नाव टाकलंय पोरांनी. पांढऱ्या रंगानं. ‘अप्पाराव काका, तेल.’ माणूस जिवंत असून डब्यावर नाव आलं, आता काय राह्यलं?

साक्षी: पप्पा, इकडं लक्ष द्या. शेवटचं सांगते. पावलं छोटी. टाच आपटायची नाही, पाय अलगद टेकवायचा. एक राउंड पळायचं, मग अर्धा चालायचं; असे अडीच राउंड पळालात की तुमचा किलोमीटर. आणि दुखणं दहापैकी तीनच्या वर गेलं की थांबायचं.

बेबीनंदा: दुखण्याला बी मार्क असतात का?

साक्षी: असतात. डॉक्टरच विचारतात, किती दुखतं, दहापैकी.

अप्पाराव: माझं आधी रोजचं नऊ! पलंगावरून पाय खाली ठेवला की बाभळीचा काटा मोडल्यावाणी. मंग दिवसभर लोखंडाच्या मिलच्या तापलेल्या फरशीवर, ते लोखंडी टोपाचे बूट घालून. इंजेक्शन झालं, जाड गादीचे बूट झाले, सिलिकॉनची टाच झाली.

बेबीनंदा: माझं लाटणं बी झालं.

अप्पाराव: लाटण्याचा फायदा झाला की! पायाखाली फिरवलं की तळवा मोकळा होतो.

बेबीनंदा: तुमचा तळवा मोकळा, अन् माझ्या पोळ्या अडून बसल्या. दुसरं लाटणं घ्यावं लागलं घरात.

साक्षी: मम्मी, दिवाळीपासून किती मेहनत घेतली त्यांनी, तू बघितलंस ना. आधी नुसतं अनवाणी घरात पाच मिनिटं. मग हे बूट घालून अंगणात दहा. टॉवेल पायाच्या बोटांनी ओढायचा, पायरीवर टाचा वर-खाली. डॉक्टर म्हणाले होते, पातळ तळाचे बूट सगळ्यांना मानवत नाहीत, घाई केली तर उलटं होईल. आपण घाई केली का?

बेबीनंदा: बूट कशाला म्हणायचं त्याला? तळ पापडावाणी. खालून खडा बी मोजता येतो.

अप्पाराव: मोजता यायलाच पाहिजे! इतकी वर्षं पायाला कळतच नव्हतं जमीन कुठं हाय. बोलणं बस झालं. साक्षे, निघतो मी.

साक्षी: हळू. हळू… छोटी पावलं… पप्पा, खांदे सोडा!

अप्पाराव: सोडले!

साक्षी: मम्मी, बघ ना, पळतायत!

बेबीनंदा: बघून राह्यले. जरा लंगडतात असं न्हाई वाटत तुला?

साक्षी: थोडं… नाही, थांब. पप्पा! काय झालं? थांबलात का?

अप्पाराव: संपलं, साक्षे.

साक्षी: किती? दहापैकी?

अप्पाराव: सात. आठ बी असंल.

साक्षी: असं कसं? काल चालताना एकसुद्धा नव्हतं!

अप्पाराव: काल चाललो, आज पळालो. अर्धा राउंड बी झाला न्हाई. सकाळपासूनच बूट आवळून राह्यला होता, मला वाटलं पाय सुजला असंल. जाऊ दे. सूरजला न्हाई म्हणून सांगतो. तेलाचा डबा घासून ठेवा म्हणतो.

बेबीनंदा: बसा आधी. पाणी प्या. तोंड केवढंसं झालं बघा.

अप्पाराव: बेबे, मला लई वाईट वाटून राह्यलं गं. खरंच वाटलं होतं, ह्या वर्षी होईल.

साक्षी: बूट काढा. आवळतो कसा? हे बूट तर पुढून रुंद असतात, बोटं पसरावीत म्हणूनच घेतले. द्या इकडे… पप्पा, हे काय आहे?

अप्पाराव: काय?

साक्षी: आत रबर आहे! आतल्या पातळ कापडाच्या खाली! बोटभर जाड! दुसऱ्यातपण! तुम्ही घातलं?

अप्पाराव: मी काहून घालू? मला तर आत्ता दिसून राह्यलं.

साक्षी: मग बुटाच्या दुकानातून उडून आलं का? टाच वर उचलली गेली, बूट घट्ट झाला, बोटांना जागाच नाही राहिली. असं पळाल्यावर दुखणार नाही तर काय होणार? दिवाळीपासूनच्या मेहनतीवर पाणी फिरलं असतं!

बेबीनंदा: ओरडू नको त्यांच्यावर. मीच घातलं.

अप्पाराव: तू?

बेबीनंदा: तुम्ही आंघोळीला गेल्ते तव्हा.

साक्षी: मम्मी! अगं, का पण?

बेबीनंदा: का म्हणजे? आठ वर्षं झाले, रोज सकाळी ह्यांचं पहिलं पाऊल मी बघते. तोंडातून आवाज काढत न्हाईत, पण भिंत धरतात. भिंतीवर हाताचा डाग पडलाय, जाऊन बघ. अन् तू ह्यांना बिनतळाच्या बुटात पळवती. माझा जीव थाऱ्यावर राहील का? म्हणलं, टाचेखाली जरा मऊ असलेलं बरं. तुला सांगितलं असतं तर तू घालू दिलं असतं का?

साक्षी: बिलकुल नाही.

बेबीनंदा: म्हणूनच न्हाई सांगितलं.

अप्पाराव: साक्षे, हसतेस काय?

साक्षी: हसू नको तर काय करू? पप्पा, तुम्ही फेल नाही झालात. बूटच खरे नव्हते!

अप्पाराव: म्हणजे… म्हणजे अजून जमंल का मला?

साक्षी: दुखणं उतरू द्या आधी. पंधरा मिनिटं. दोनवर आलं तर बघू, नाहीतर सरळ घरी. माझ्या पिशवीतून लाटणं काढा.

बेबीनंदा: मैदानावर बी आणलं का ते?

अप्पाराव: माझं हाय ते, मी कुठं बी नेईन. आण इकडं. हां… असं. टाचेखालून पुढं, पुढून मागं. आहाहा. साक्षे, उतरून राह्यलं. पाच… चार…

साक्षी: लिफ्ट नाही ती पप्पा, खरं सांगा.

अप्पाराव: खरंच सांगतो. तुझ्याशी खोटं बोललो तर पाय बोंबलतो माझा.

बेबीनंदा: पावणेसात झाले.

अप्पाराव: दोन. आईच्यान दोन. उभा राह्यलो तरी दोनच. अन् रबर निघालं तर बोटं बघ, कशी मोकळी झाली बुटात! अरे, हा बूट तर बिलकुल निराळा हाय!

साक्षी: ठीक आहे. पण मी सोबत पळणार. तीन म्हणालात की तिथंच बसायचं.

बेबीनंदा: थांबा. मोकळ्या हातानं काय पळता? हे घ्या.

अप्पाराव: लाटणं?

बेबीनंदा: ज्योत हातात धरूनच पळायची हाय ना? मंग हाताला सवय नको का?

अप्पाराव: साक्षे, बघितली का तुझी मम्मी! आण, दे इकडं. आता बघ!

साक्षी: हळू! पप्पा, हळू! छोटी पावलं!

बेबीनंदा: हात वर! अजून वर! विझंल तुमची ज्योत!

अप्पाराव: किती वाजले ते न्हाई, किती दुखतं ते विचारा! दोन! दोनच हाय!

साक्षी: एक राउंड झाला! आता चाला. चाला म्हणते ना!

अप्पाराव: चालवत न्हाई गं, पाय पळून राह्यले!

साक्षी: चालायचं ठरलं होतं!

अप्पाराव: बरं बरं, चालतो. बेबे, ती पोलीस भरतीची पळणारी पोरं हसून राह्यली का माझ्याकडं?

बेबीनंदा: हसू द्या. त्यांच्या हातात लाटणं हाय का? चला, निघा पुन्हा!

साक्षी: दुसरा राउंड. किती?

अप्पाराव: दोन! नवी जमीन दिली कोणीतरी मला साक्षे, खडा कळून राह्यला, गवत कळून राह्यलं, ओल कळून राह्यली!

बेबीनंदा: समजा, विहाराची कमान आली! पोरांनी हलगी धरली! पळा!

साक्षी: शेवटचा अर्धा… हा खांब… झालं! पप्पा, झाला! किलोमीटर झाला!

अप्पाराव: अडीच… दुखणं अडीच… तीन न्हाई! लिहून ठेव, अडीच!

साक्षी: आता लगेच बसू नका. चालत राहा. आणि उद्या पूर्ण सुट्टी, परवा फक्त चालायचं. ऐकू येतंय का?

अप्पाराव: फोन दे आधी. जल्दी. हॅलो, सूरज? झोपला होता का? उठ, मर्दा. अप्पाराव काका बोलून राह्यलो. लिही माझं नाव. फाट्यापासून विहारापर्यंत. न्हाई न्हाई, मोटरसायकलवर न्हाई, पायानं! अन् ऐक, तो तेलाचा डबा हाय ना, त्याच्यावरचं माझं नाव खरडून काढ. आजच काढ. हां. जयभीम, जयभीम!

बेबीनंदा: घ्या, चहा घ्या. घामानं निथळून राह्यले नुसते. इस्त्रीच्या शर्टाचं काय करून ठेवलं.

अप्पाराव: शर्ट जाऊ दे! जल्लोष कर बेबे, जल्लोष! ते रबर आण इकडं, फेकूनच देतो… हे कुठलं गं?

बेबीनंदा: कुठलं म्हणजे? आमच्या बियाण्याच्या कंपनीतलं. मशीनचा जुना पट्टा निघतो, त्याचे तुकडे बाया घेऊन येतात. उषाबाई कापून देती पायाच्या मापात.

अप्पाराव: मंग माझ्या मापात काहून न्हाई कापलं? माझा पाय आठ नंबर. हे लहान हाय.

बेबीनंदा: घाईत जे हाती लागलं ते घातलं.

अप्पाराव: नवं बी न्हाई हे. टाच बसून बसून खड्डा पडलाय ह्याला. चोवीस वर्षं मिलमध्ये लोखंड घासताना बघून राह्यलो मी, मला कळतं कोणती चीज किती वापरली. कोणाच्या टाचेखालचं हाय हे?

बेबीनंदा: चहा गार होऊन राह्यला तुमचा.

साक्षी: मम्मी?

बेबीनंदा: माझ्या चपलेतलं हाय. झालं समाधान?

अप्पाराव: तुझ्या चपलेत कशाला लागतं?

बेबीनंदा: दहा तास उभं राहून बियाणं निवडायचं असतं. सगळ्याच बायांच्या चपलेत हाय. उषाबाईच्या तर दोन-दोन हायेत.

साक्षी: टाच दुखते तुझी?

बेबीनंदा: दोन्ही. पाच-सहा वर्षं झाले असतील.

साक्षी: आणि मला सांगितलं नाहीस? मी रोज पप्पांना विचारते, दहापैकी किती. तुझ्यासमोर विचारते!

बेबीनंदा: मला कुठं विचारलं तू? अगं, रडू नको. रुसून न्हाई बोलले मी. एका घरात दोघांनी लंगडायचं म्हणजे कसं दिसंल?

अप्पाराव: अन् शेक? मला वीट गरम करून देती रोज. तू कव्हा घेती?

बेबीनंदा: तुमचं झालं म्हणजे वीट लगेच थोडीच गार होती? तुम्ही ड्युटीचे बूट घालायला उठता, तेवढ्यात मी पाय ठेवते. माझं बी होऊन जातं.

अप्पाराव: आठ वर्षं माझ्यासमोर बसून मला शेक दिला तू. मी एकदा बी मान वर करून बघितलं न्हाई. मला लाज वाटून राह्यली बेबे.

बेबीनंदा: लाजायला काय झालं? मी दाखवलं तर तुम्ही बघणार ना.

साक्षी: थांब. रबर तर बुटात होतं. मग आज तुझ्या चपलेत काय आहे?

बेबीनंदा: आज काय, आज बसूनच राहायचं होतं मला.

साक्षी: बसलीस कुठं? सगळं मैदान पालथं घातलंस टाळ्या वाजवत! खरं सांग, आत्ता किती? दहापैकी.

बेबीनंदा: मला न्हाई येत ते मोजायला.

साक्षी: मम्मी.

बेबीनंदा: सात धर.

साक्षी: सोमवारी डॉक्टरकडे जायचं, कंपनीला रजा टाक. आणि आज हे माझे बूट घालून बघ. पप्पांसारखेच आहेत, पातळ. पाचच नंबर आपला दोघींचा.

बेबीनंदा: ह्या वयात मी पळू का आता?

साक्षी: पळायचं नाही. पाच मिनिटं, गवतावर, सावकाश. पप्पांनी दिवाळीत तेवढंच केलं होतं.

अप्पाराव: लाटणं आजपासून तुझं. मी दुसरं घेतो.

बेबीनंदा: उगं काहीतरी. पोरं बघून राह्यलीत. अन् लेसचा बूट कधी घातला न्हाई मी जन्मात, मला बांधता बी येत न्हाई.

अप्पाराव: मला येतं. पाय इकडं दे.